भरलेला सिलिंडर घेऊन माहेरी

लॉकडाऊनमध्ये मी एकदाच माहेरी गेले, आणि जाताना सासरचा भरलेला गॅस सिलिंडर बरोबर नेला. पुढे गावभर जे बोललं गेलं ते सगळ्यांनी ऐकलं. खरं काय घडलं ते मात्र मला कुणी विचारलंच नाही, म्हणून आपण होऊन सांगते.

माझं सासर कर्जतला आणि माहेर पोशीरला. एरवी हे माहेर इतकं जवळ की "पुढच्या रविवारी जाऊ" म्हणता म्हणता दिवाळी यायची. लॉकडाऊन लागला आणि तेच पोशीर एकदम दुबईइतकं लांब गेलं! भाऊ नोकरीच्या गावी पनवेलला अडकलेला. घरात आई एकटी. रोज संध्याकाळी मी फोन लावायची.

"आई, कशी आहेस?"

"बरी हाय गं बाय. ठेवते, काम हाय."

रोज हेच! अख्खा देश घरी बसला होता, मग माझ्या साठी उलटलेल्या आईलाच असं कसलं काम लागलं होतं? त्यातून तिचा आवाज बसलेला. मी लगेच निदान करून टाकलं, की आई आजारी आहे आणि माझ्यापासून लपवतेय. झालं! भाकरी थापताना रडू, भांडी घासताना रडू. सासूबाई म्हणाल्या, "कांदा न चिरता रडणारी बाई पहिल्यांदाच बघतेय."

आमचे हे, म्हणजे प्रमोदराव, नियमाचे भलतेच पक्के. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जातानासुद्धा आधार कार्ड घेऊन जाणारा माणूस! पण आमटीत सलग तीन दिवस मीठ पडलं नाही तेव्हा तेही विरघळले. (माझ्या दुःखाने नव्हे, आमटीने.)

"चल, लांबून बघून येऊ," ते म्हणाले. "पण पोलिसांना काय सांगायचं?"

युक्ती मला सुचली. मागच्या पडवीत रिकामा सिलिंडर होता. तो स्कूटरवर पुढे ठेवायचा आणि कुणी विचारलंच तर गॅस भरायला निघालोय म्हणायचं. गॅसला कोण अडवणार? सासूबाईंना बँकेत जातो असं सांगितलं आणि मागच्या दाराने सिलिंडर बाहेर काढला.

"फार जड आहे गं हा," हे धापा टाकत म्हणाले.

"तुम्हाला सवय नाही," मी म्हटलं.

चारफाट्यावर पोलिसांनी अडवलं. हवालदारांनी मास्कवरून डोळे बारीक केले. "कुठं निघालात?"

"ग... गॅस भरायला," हे म्हणाले. आवाज असा, की सिलिंडर कुठूनतरी चोरूनच आणलाय!

हवालदारांनी सिलिंडरवर काठीने टकटक केलं. मग वाकून तो हलवायला गेले. हलेना. "भरलेला भरायला नेताय?"

आदल्या दिवशी मी अंघोळीला गेले असताना गॅसवाला येऊन सिलिंडर बदलून गेला होता, हे मला तिथे चारफाट्यावर कळलं!

"नाही साहेब, भरायला नाही, द्यायला!" मी मागून ओरडले. "माझी आई पोशीरला एकटी असते. तिचा गॅस संपलाय!"

"मग हे भरायला का म्हणाले?"

"ते घाबरले की उलटं बोलतात."

हवालदारांनी यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना ते पटलं असावं. "जा. पण येताना रिकामा सिलिंडर दाखवायचा मला. नाही दाखवलात तर गाडी इथंच ठेवून घेणार."

पुढचा सगळा रस्ता हे एकच वाक्य बोलत होते, "आता रिकामा कुठून आणू?" मला ऐकूच येत नव्हतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दोन्ही बाजूंच्या शेतांत भाताच्या रोपांसाठी पालापाचोळ्याचे राब भाजून काळे झालेले, त्याचा तो करपट वास, कुंपणाबाहेर लोंबणाऱ्या कैऱ्या. मास्क रडून ओला, चष्मा वाफेने पांढरा. माहेर जवळ येत होतं आणि मला दिसत काहीच नव्हतं!

"गाव आलं," हे म्हणाले आणि स्कूटर गचकन थांबली.

रस्त्यावर आडवे बांबू बांधलेले, त्यात करवंदीच्या काट्या खोचलेल्या. 'गावात येण्यास सक्त मनाई.' बांबूंपलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पदर खोचून, तोंडाला गमछा बांधून एक बाई बसली होती. हातात लांब काठी, गळ्यात शिट्टी. आम्हाला पाहताच तिने शिट्टी फुंकली.

"थांबा तितंच! कोन गाव?"

तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. "आई! अगं, मी!"

"मी कोन? तोंडावरचं काडा... नको नको, काडू नका! नाव सांगा."

"सुमन!"

काठी खाली पडली. आई धावत बांबूंपर्यंत आली आणि तिथेच थांबली, कुणीतरी मागून धरल्यासारखी. आजारी? आजाराचं नाव नव्हतं! आमचं घर वेशीला लागून, म्हणून गावाने राखणीचं काम तिला दिलं होतं. दिवसभर गाड्यांवर ओरडून ओरडून आवाज बसला होता.

"आत घे ना गं," मी म्हटलं.

"कशी घेऊ बाय? कालच सरपंचाच्या मेवन्याला इतनं परत धाडला. आता माजी पोरगी आत घेतली तर गाव काय म्हनंल?"

"अगं, मी तुझी मुलगी आहे!"

"म्हनून तर नाय घेत," ती म्हणाली आणि तिने मान वळवली.

मग मात्र मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. चाळिशीची बाई, पण लाज सोडून रडले! दारादारांतून माणसं बाहेर आली. जो तो आपल्या उंबऱ्यावर उभा राहून बघत होता. बिचाऱ्यांना बरेच दिवस करमणूक नव्हती.

यांचं लक्ष मात्र कामावर. "सासूबाई, तुमच्याकडचा गॅस संपलाय का हो?"

"अवो जावईबापू, होलीपासनं चूलच पेटवते हाय! तुमाला कोनी सांगितलं?"

एखाद्या जावयाला सासूची अडचण ऐकून इतका आनंद झाल्याचं मी दुसरं उदाहरण पाहिलेलं नाही. यांनी सिलिंडर बांबूंखालून आत लोटला. आईने त्याला साबणाच्या पाण्याने अशी अंघोळ घातली, की लहानपणी मलाही कधी तितकी नीट घातली नसेल. मग तिचा रिकामा सिलिंडर गडगडत बाहेर आला.

"जेवल्याशिवाय जायचं नाय," आईने फर्मान काढलं.

थोड्या वेळाने ती आंबे उतरवायची काठी घेऊन आली. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीचा डबा. काठी बांबूंवरून हळूहळू पुढे सरकली. भाकऱ्या मी उचलल्या. डबा यांनी उचलायला घेतला, झाकण उडालं आणि कैरी घातलेली ती चमचमीत सुकट थेट यांच्या पांढऱ्या शर्टावर!

"ऱ्हाऊ द्या, घरात आजून हाय!" आई म्हणाली. दुसऱ्या खेपेला डबा मी घेतला.

आम्ही अलीकडे आंब्याच्या सावलीत बसलो, आई पलीकडे तिच्या खुर्चीत. जेवायला तिने गमछा खाली घेतला तेव्हा कुठे तिचा अख्खा चेहरा दिसला.

"बारीक झालीस गं," मी म्हटलं.

"तूबी," ती म्हणाली. (माझी साडी सोडली तर घरात कुणाचाही यावर विश्वास बसला असता.)

रिकामा डबा मी जाळीत ठेवला. पण जाळी सोडवेना. काठीच्या त्या टोकाला आई, या टोकाला मी.

"सोड आता," ती म्हणाली. पण काठी तिनेही ओढली नाही.

शेवटी यांनी स्कूटर चालू केली.

चारफाट्यावर हवालदारांनी रिकामा सिलिंडर हलवून पाहिला. मग नाक वर करून हुंगलं. "गॅसला सुकटीचा वास कधीपासून यायला लागला?"

हे शर्टावरचे डाग हाताने झाकायला लागले. हवालदार माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघत म्हणाले, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं.

"माझी साताऱ्याला आहे," ते म्हणाले आणि बाजूला झाले.

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती! उंबऱ्यावरच्या मंडळींनी जेवढं दिसलं तेवढं फोनवर सांगितलं, आणि कशेळ्याला सासूबाईंच्या बहिणीपर्यंत जाईतो त्याचं झालं असं: सुमन सासरी भांडून सिलिंडर घेऊन माहेरी गेली, नवऱ्याने तिला वेशीवर सोडली, आणि सख्ख्या आईनेसुद्धा घरात घेतली नाही!

मी दारात पाऊल टाकलं तेव्हा सासूबाईंच्या हातात फोन होता, स्पीकर चालू. मावशींचा आवाज घरभर घुमत होता. "अगं, तुझी सून कायमची गेली म्हणतात, खरं का गं?"

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग यांच्या शर्टाकडे पाहिलं आणि एक मोठा सुस्कारा सोडला.

"छे गं! माझं कुठलं एवढं नशीब? ही बघ, आली परत!"