अर्ध्या कहाणीच्या अक्षता

गुळाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून कोल्हापूरहून मुंबईला जाणं ज्यांना कमीपणाचं वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आम्हांला फुकट नेणारा तोच एक होता. मागे गुळाच्या ढेपा, वर ताडपत्री आणि ढेपांच्या मधे आमच्या ‘यमुनेची ओटी’ या चित्रपटाचे पत्र्याचे गोल डबे, पोस्टरांची गुंडाळी आणि माझी ट्रंक. मी या कंपनीचा कपडेपट सांभाळते. नायिकेच्या लुगड्यापासून पाटलाच्या फेट्यापर्यंत पडद्यावर जे जे दिसतं, ते माझ्या हातून धुऊन, वाळून, इस्त्री होऊन गेलेलं असतं. सिनेमा लागण्याआधी त्याची हवा करायला कपडेपटवालीला का पाठवलं, असं कुणी विचारेल. जाहिरातीला कंपनीकडे काही उरलं नव्हतं, आणि अण्णांच्या मते आमच्यात सगळ्यांत मोठं तोंड माझं होतं.

अण्णा म्हणजे आमचे निर्माते आणि दिग्दर्शकही. निघताना ते ट्रकपाशी आले, डब्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अक्का, हा चालला नाही तर कॅमेरा विकायचा आणि सगळ्यांनी आपापलं गाव गाठायचं.” एवढंच बोलून ते मागे वळले. माझ्यासोबत प्रभाकर होता. हा आमचा प्रसिद्धीप्रमुख. वय लहान, कल्पना भारी, आणि पिशवीत कायम फुटाणे.

सकाळी भायखळ्याच्या मंडईजवळ उतरलो, तेव्हा श्रावणातली बारीक सर पडून गेली होती. ताडपत्री उचलली तर डबे शाबूत, पण पोस्टरांच्या गुंडाळीत गूळ पाझरला होता आणि मुंग्यांनी नायिकेच्या चेहऱ्यावर वस्ती केली होती. प्रभाकर गुंडाळी झटकत म्हणाला, “अक्का, एक बरं झालं. भिंतीला चिकटवायला खळ लागायची नाही.”

पण चिकटवायची कुठे? माझी मावसबहीण सुमन लालबागच्या एका चाळीत दिली आहे. तिचे यजमान गिरणीत साचे चालवतात. तिच्याकडे सामान टाकून आम्ही बाहेर पडलो, तर एक भिंत मोकळी दिसेना. सगळीकडे गेरूने आणि चुन्याने लिहिलेलं, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. प्रभाकरने एका कोपऱ्यावर पोस्टर धरलं, तोच वरच्या गॅलरीतून एकाने हटकलं.

“ओ पाव्हणे, त्या घोषणेवर नाय हां लावायचं. बाजूला लावा.”

“बाजूलाही घोषणाच आहे.”

“मग घरी घेऊन जा ना.”

आम्ही ती खरंच घरी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी गिरगावात थिएटर पाहायला गेलो. मॅनेजर उंच, घारे, शुद्ध बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा पाजला आणि कपबशी खाली ठेवता ठेवता सांगितलं, “हे पाहा बाई, पुढच्या शुक्रवारी आम्ही लावतो. पण रविवारपर्यंत गर्दी दिसली नाही, तर सोमवारपासून हिंदी चित्र. ते दारात उभंच आहे.” सगळी कंपनी ज्याच्यावर टांगलेली, त्या सिनेमाला तीन दिवसांचं आयुष्य. प्रभाकरचा चेहरा इतका उतरला की मी त्याला जवळच्या खानावळीत नेऊन बसवलं. प्रवासात कसला श्रावण! तिथे बांगड्याच्या कालवणात तिरफळं होती (कोकणातलं खड्याएवढं फळ, वासाला घालतात, चावायचं नसतं). हे आम्हांला कुणी सांगितलं नाही. प्रभाकरने चावलं आणि मग बराच वेळ त्याला जीभ कुठे आहे ते कळेना. माझ्या कोल्हापुरी तोंडाला मात्र कालवण मिळमिळीत लागलं. सोलकढी चांगली होती, दोन वाट्या प्याले.

पोट भरल्यावर मला ट्रंकेतलं लुगडं आठवलं. सिनेमात यमुना जे हिरवं लुगडं नेसते आणि ज्याचा अर्धा पदर फाटून जातो, तेच. ते घेऊन आम्ही दादरला हिंदमाताच्या बाजारात गेलो. तिथे दुकानं ओळीने लुगड्यांचीच. एका दुकानदारापुढे मी घडी उलगडली, तर तो चटका बसल्यासारखा मागे सरला.

“फाटकं लुगडं माझ्या काचेत? बाई, धंदा बसवायला आलात काय?”

“शेजारी तुमचं नवं हिरवं लुगडं लावा,” मी म्हटलं. “बाई फाटक्याशी थांबली की नव्याकडे बघणारच. माझ्या लुगड्यामुळे तुमचं एक तरी विकलं नाही, तर उद्या काढून नेते.”

त्याने खूप आढेवेढे घेतले आणि शेवटी काचेत जागा दिली. प्रभाकरने पुठ्ठ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं: ‘यमुनेचा पदर कुणी फाडला? उत्तर गिरगावात, पुढल्या शुक्रवारी.’ संध्याकाळपर्यंत काचेपुढे बायका थांबू लागल्या. सासूनेच फाडला असणार, यावर बहुतेकींचं एकमत होतं. दुकानदाराने दुसऱ्या दिवशी मला स्वतःहून बसायला स्टूल दिलं.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण प्रभाकरने हातगाडी मिळवली, तिच्यावर सिनेमाचा फळा उभा केला, एक ढोलकीवाला बसवला आणि आम्ही दादरच्या रस्त्याने मिरवत निघालो. वळणावर समोरून मोर्चा आला. एवढी माणसं मी जत्रेतही पाहिली नव्हती, आणि जत्रेत कुणी असं एका सुरात बोलत नाही. गाडी मागे घ्यायला वाव राहिला नाही. पुढचा स्वयंसेवक अदबीने म्हणाला, “बाई, आता आत आलाच आहात तर घोषणा द्या. आणि ढोलकीवाल्याला म्हणावं, जरा जोरात.” मग काय, दिल्या घोषणा. अंगावर काटा येत होता, हेही सांगते. माझा सिनेमा मी तेवढा वेळ साफ विसरले होते. मैदानापाशी गर्दी पांगली तेव्हा फळ्याचं एक टोक मोडलं होतं आणि माझा आवाज बसला होता.

“अक्का,” प्रभाकर फुटाणे चघळत म्हणाला, “रस्त्यावर आपल्याला कोण विचारतो? रस्ता त्यांचा आहे. आपण घरात शिरलं पाहिजे.”

घरात शिरायची वाट सुमनने दाखवली. दुसऱ्या दिवशी श्रावणी शुक्रवार. दुपारी चाळीतल्या बायका तिच्या खोलीत जिवतीची पूजा करायला आणि कहाणी ऐकायला जमणार होत्या. लेकराबाळांच्या आयुष्यासाठी असते ती पूजा. मी म्हटलं, नेहमीची कहाणी झाली की एक नवी मी सांगते. प्रभाकर उड्या मारायचा बाकी राहिला. “मध्यंतरापर्यंतच सांगायची, अक्का. नदीत नाव उलटते तिथे थांबायचं.”

खोली भरली, गॅलरी भरली. नेहमीची कहाणी झाली, आरती झाली. मी घोगऱ्या आवाजात सुरू केलं. आटपाट नगर होतं, तिथे एक यमुना होती. सासूने तिच्यावर नथ चोरल्याचा आळ घेतला, नवऱ्याने आईचं खरं मानलं. भरल्या श्रावणात तिला दाराबाहेर काढली. यमुनेने तान्हं बाळ पदरात बांधलं आणि माहेरी जायला नावेत बसली. नदीला पूर आलेला. मध्यावर नाव उलटली. यमुना कशीबशी काठाला लागली, बघते तर अर्धा पदर फाटून गेलेला, आणि पदरात बाळ नाही.

इथे मी थांबले. “पुढचं गिरगावात, पुढल्या शुक्रवारी.”

एकच गलका झाला. कुणी हसली, कुणी म्हणाली मेली मोठी वस्ताद आहे, एकीने मला खरोखरच चापट मारली. एकमेकींशी वाद घालत बायका आपापल्या खोल्यांत गेल्या. मी खूश, प्रभाकर त्याहून खूश.

दिवेलागणीला सुमन धावत आली. “अक्का, भागीरथीकाकू जेवत नाहीत. उपास सोडायला पान वाढून ठेवलंय, पुरण निवलंय, पण मूठ उघडत नाहीत.”

भागीरथीकाकू टोकाच्या खोलीत राहायच्या. मालवणकडच्या, सत्तरीच्या आसपास, अंगाने काटकुळ्या. त्यांचा एकुलता मुलगा वसंता गिरणीत होता. मागे एका मोर्चात पोलिसांनी त्याला उचललं आणि तो अजून तुरुंगातच होता. मी गेले, तेव्हा काकू जिवतीच्या कागदासमोर बसल्या होत्या, उजवी मूठ घट्ट मिटलेली. त्या मुठीत दुपारी माझ्या कहाणीला घेतलेल्या अक्षता होत्या. कहाणी ऐकताना अक्षता हातात घ्यायच्या आणि कहाणी पुरी झाली की देवीला वाहायच्या, ही रीत मला आईने शिकवली होती. कहाणी अर्धी सोडली तर त्या अक्षतांचं काय करायचं, हे मात्र कुणीच शिकवलेलं नव्हतं. बाकीच्या बायकांनी हसण्याच्या भरात ठेवून दिल्या असतील. काकूंनी ठेवल्या नव्हत्या.

“काकू, अहो सिनेमाची गोष्ट ती,” मी म्हटलं.

“सिनेमा तुमचो तुमी दाखवा. तू आटपाट नगर म्हटलंस मा? मगे ती कहाणी झाली.” त्या मूठ पुढे करून म्हणाल्या, “पुरी झाल्याशिवाय ह्यो खाली ठेवूच्यो कश्यो? माजो वसंतो थंय कोठडीत बसलो हा. आनि हय मी दुसऱ्या आवशीचा (आईचं) पोर पान्यात सोडून जेवाक बसू?”

पुढची कहाणी सांगायला मी तोंड उघडलं.

प्रभाकरने मला बाहेर ओढलं. “अक्का, विचार करा. चाळीत सांगितलं म्हणजे उद्या सकाळी लालबाग-परळला कळणार. शेवट फुटल्यावर तिकीट कोण काढतं? सोमवारी आपण बाहेर. अण्णांना काय सांगायचं?”

“अण्णांना सांग, अक्काचं तोंड मोठं आहे.”

आत येऊन मी काकूंसमोर मांडी घातली आणि पुढची कहाणी सांगितली. एव्हाना दारात सगळ्या बायका परत आल्या होत्या, पाळीवरून सुटलेले पुरुषही गॅलरीत कठड्याला टेकून ऐकत होते. नदीने पदर फाडला, पण पदराची गाठ सोडली नाही. गाठीतलं बाळ वाहत गेलं आणि बाभळीच्या काट्याला अडकलं. एका कोळणीने ते काढलं, आपलं म्हणून वाढवलं. बारा वर्षांनी यमुना त्या गावात पाणी मागायला आली, तर कोळणीच्या खोपटात जुन्या पाळण्याला बांधलेला हिरवा पदर. तिने आपल्या लुगड्याचं टोक त्याला लावून पाहिलं. फाटलेलं फाटलेल्याला जुळलं. मुलगा आईला भेटला. तशी सगळ्यांची मुलं आपापल्या आयांना भेटोत. ही साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.

काकूंनी मूठ उघडली. दाणे घामाने तळहाताला चिकटले होते. थोडे जिवतीला वाहिले आणि उरलेले उठून चारी दिशांना टाकले, घरापासून दूर असलेल्या मुलांसाठी टाकतात तसे. मग पानावर बसल्या आणि मलाही बसवलं. जेवता जेवता म्हणाल्या, “बरो आसा तुमचो सिनेमा. वसंतो सुटान इलो की तेच्यावांगडा (त्याच्यासोबत) बघीन. तवसर (तोवर) ठेवा म्हंजे झाला.” तो तीन दिवसही टिकणार नाही, हे मी त्यांना सांगू शकले नाही. बाहेर प्रभाकर पायरीवर बसला होता. त्याने माझ्याशी दोन दिवस धड बोलणं टाकलं.

आणि त्या दोन दिवसांत कहाणी नळावर गेली. नळावरून भाजीवालीकडे, तिच्याकडून गिरणीच्या दारात. पण तिच्यामागून एक भांडणही गेलं: यमुनेने सासूला माफ केलं की नाही? ते मी सांगायचं राहून गेलं होतं, घाईत. लालबाग म्हणे केलंच पाहिजे, परळ म्हणे कशाला करायचं? हिंदमाताच्या काचेपुढे तर दोघी हमरीतुमरीवर आल्या आणि दुकानदाराने त्यांना पाणी पाजलं.

शुक्रवारी दुपारच्या खेळाला मी थिएटरच्या दाराशी उभी होते. आधी एक घोळका आला, मग दुसरा, मग सगळा रस्ता नऊवारी लुगड्यांचा झाला. कडेवर पोरं, हातात डबे, आणि पदराच्या गाठीत अक्षता. पडद्यावर नाव उलटली, तेव्हा नवख्या बाया रडू लागल्या आणि लालबागच्या बाया त्यांची पाठ थोपटत सांगू लागल्या, रडू नका, सापडतं ते. बाळ सापडल्यावर पडद्यावर तांदूळ बरसले. मॅनेजर झाडूवाल्याला हाका मारत माझ्याकडे आले. “बाई, हा काय प्रकार? झाडायलाच अर्धा तास जाईल.” रविवारी मात्र त्यांनी हिंदी चित्राला थांबायला सांगितलं, आणि पुढच्या रविवारीही. प्रभाकर माझ्या पाया पडला. मी त्याला फुटाणे मागितले.

भागीरथीकाकू काही आल्या नाहीत. सगळी चाळ बघून आली, काहीजणी दोनदा बघून आल्या, काकूंचं एकच: वसंता आला की. आणि लालबागच्या रस्त्यांवर गणपतीच्या मांडवांचे बांबू उभे राहू लागले, तेव्हा वसंता आला. भरदार मिशांचा, थकलेला, कमी बोलणारा माणूस. दुसऱ्या दिवशी आम्ही परत निघणार होतो. संध्याकाळच्या खेळाला मी मायलेकांच्या शेजारी बसले.

नाव उलटली. बाळ गेलं. वसंता खुर्चीत पुढे सरकला, दोन्ही हातांनी समोरच्या खुर्चीची पाठ धरली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “अगे आये, पोर गेला.” मी चमकून काकूंकडे पाहिलं. सगळ्या लालबागला शेवट पाठ होता. चाळीत काकूंनी ताकीद दिली होती, वसंताला कुणी सांगाल तर माझ्याशी गाठ आहे. आणि त्या बडबड्या चाळीतल्या एकाही जिभेने ते सांगितलं नव्हतं.

काकूंनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आम्ही परतलो, ट्रक रिकामा होता म्हणून गचके फार बसले. अण्णांचा कॅमेरा जागेवर आहे. कोल्हापुरात जो तो विचारतो, मुंबईत काय पाहिलंस? समुद्र पाहिला, मोर्चा पाहिला, भरलेलं थिएटर पाहिलं, सगळं सांगते. पण डोळ्यांपुढे येतं ते दुसरंच. पडद्यावर पदराला पदर जुळला, वसंता मिशांत हुंदके देऊ लागला, सगळं थिएटर पडद्याकडे बघत होतं. भागीरथीकाकूंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या मुलाच्या तोंडाकडे बघत होत्या, शेवटपर्यंत.