चीफच्या चित्रातली फट

कुणी चित्राकडे बघून "हे काय आहे?" असं विचारलं, की चीफ त्याला चहा विचारायचे. उत्तर द्यायचे नाहीत. सिंगापूरच्या क्लेमेंटी भागातल्या त्यांच्या फ्लॅटवर रविवारी येणाऱ्या मराठी मंडळींना त्यामुळे भरपूर चहा मिळे. एका गृहस्थांनी तर "बाथरूमच्या टाइल्स का?" असंही विचारून पाहिलं. त्यांना चहाबरोबर बिस्किटंही मिळाली.

चीफ म्हणजे जहाजावरचे चीफ इंजिनियर. जहाज सोडून ते सिंगापूरला बंदराजवळच्या एका ऑफिसात नोकरीला लागले होते, पण नाव कायम राहिलं. नव्वदच्या दशकात मी तिथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करत होतो आणि त्यांच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेऊन राहत होतो. हॉलमध्ये एक स्टूल, जमिनीवर पसरलेली वर्तमानपत्रं आणि भिंतीला टेकवलेला हार्डबोर्ड, एवढंच सामान. ऑफिसातून आले की कुकर लावून ते स्टुलावर बसत, बऱ्याचदा ब्रश हातात न घेताच. शिट्ट्या झाल्या की गॅस मलाच बंद करावा लागे.

दर्यावर्दी माणूस म्हणजे समुद्र रंगवणार, असं सगळ्यांना वाटे. "अरे, समुद्र कॅप्टनला दिसतो," ते म्हणत. "आमच्या इंजिनरूमला खिडकी नसते. आम्हाला पाइप दिसतात." जहाजावर प्रत्येक पाइपाला ठरलेला रंग असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. निळ्यात गोडं पाणी, हिरव्यात समुद्राचं, तपकिरीत तेल, लाल पाइप आग विझवायचा. "तीस वर्षं रंग बघून आत काय वाहतंय ते ओळखत आलो. आता मला असा निळा पाहिजे, ज्याच्या आत काही नाही. नुसता निळा." मग ते त्यात थोडा पिवळा घालत, थोडा राखाडी घालत, लांब जाऊन बघत आणि "अजून पाइपच दिसतोय" म्हणून सगळं खरवडून काढत. मला तो पहिलाच निळा चांगला वाटलेला असे, पण माझं मत कोण विचारतो.

त्यांच्या चित्रात क्षितिज नसे. जवळचं नाही, लांबचं नाही, वर नाही, खाली नाही. फक्त दोन आकार, एक मोठा, एक लहान, आणि ते एकमेकांना कधीही टेकत नसत. चीफचा सगळा जीव त्या मधल्या फटीत असे. इंजिनातल्या फटी मोजायचा पातळ पोलादी पात्यांचा एक जुडगा ते अजून खिशात बाळगत. "दोन भाग अगदी चिकटवून बसवायचे नसतात," ते म्हणत. "इंजिन तापलं की लोखंड फुगतं. फट ठेवली नाहीस तर जाम झालंच म्हणून समज. रंग कुणीही भरेल रे, फट सोडता आली पाहिजे."

शेजारची चिनी आंटी एकदा दारातून डोकावून म्हणाली, "अंकल, धिस वन व्हॉट, आ?" ती दारातच उभी, चीफ तिला कुठला चहा देणार. "नथिंग, आंटी," ते म्हणाले. ती जरा वेळ बघत राहिली. "नथिंग ऑल्सो कॅन, लाह," म्हणजे काही नसलं तरी चालतं, असं म्हणून निघून गेली. पूर्ण बिल्डिंगमध्ये चित्रकलेतलं कळणारी तेवढी एकच बाई आहे, असं ते पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

चीफच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, साताऱ्याला होत्या. शाळेतली नोकरी, मुलीचं शिक्षण आणि लग्न, सासूबाईंचं आजारपण, सगळं त्यांनी एकटीने निभावलेलं. जहाज सोडल्यावर चीफ काही महिने घरी राहून आले होते. "साखरेचा डबा कुठे असतो तेसुद्धा विचारावं लागायचं," ते मला म्हणाले. "पाहुण्याला विचारायला लाज वाटत नाही. मला वाटायची." म्हणून सिंगापूरची नोकरी धरली आणि या रिकाम्या फ्लॅटमध्ये एकटे राहू लागले. मग एका वर्षी काकू यायला कबूल झाल्या. चीफनी पडदे आणले, नवी उशी आणली आणि दुकानातच माझ्याकडे न बघता म्हणाले, "राहिली तर बरं होईल."

काकू आल्या त्या संध्याकाळी चीफ इतके घाबरले होते की कुकरमध्ये पाणी घालायला विसरले. काकू चित्रासमोर उभ्या राहिल्या. मी मनात म्हटलं, आता चहा. पण हे काय आहे, असं त्यांनी विचारलंच नाही.

"हे दोघं एवढे लांब का उभे केलेत?" त्या म्हणाल्या.

चीफ गडबडले. खिशातली पाती चाचपत म्हणाले, "तापल्यावर चिकटू नयेत म्हणून."

"तापायला एका घरात राहावं लागतं," काकू म्हणाल्या आणि करपलेला कुकर बघायला आत गेल्या.

त्या व्हिसाची मुदत संपायच्या आधीच परत गेल्या. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. निघताना "तुम्ही या" एवढंच म्हणाल्या, आणि चीफ "हो, बघतो" म्हणाले. उशी कपाटात गेली. त्यानंतर चीफनी दुसरं चित्र सुरू केलं नाही. त्याच चित्रातल्या लहान आकाराची कड ते मोठ्या आकाराकडे थोडी पुढे सरकवत, वाळू देत, कितीतरी दिवस बघत बसत आणि पुन्हा थोडी सरकवत. तो हॉल मला त्या दिवसांत बघवत नसे. पुढल्या वर्षी एकदा आमटी वाढून घेताना म्हणाले, "दिवाळीला जाईन म्हणतो. कायमचाच."

दिवाळीआधीच ऑफिसात त्यांच्या छातीत कळ आली आणि संध्याकाळी हॉस्पिटलमध्येच ते वारले. मुलगी येऊन सगळं करून गेली. चित्र तिला नेता आलं नाही. माझं काम संपल्यावर ते मी साताऱ्याला घेऊन गेलो.

काकूंनी ते भिंतीला टेकवून उभं केलं. फट आता बोट जेमतेम मावेल एवढीच उरली होती. काकूंनी लहान आकारावरून हात फिरवला. वरच्या रंगाखाली आधीच्या कडांचे उंचवटे होते, एकापुढे एक, ते त्यांच्या बोटांना लागले असणार. हात मागे नेऊन त्यांनी पुन्हा पहिल्या कडेपासून फिरवला आणि फटीपाशी थांबल्या.

"इथपर्यंत आले होते," त्या म्हणाल्या. "मला कळवायचं तरी."