लॅमिनेट केलेला रिपोर्ट

पेशंटच्या सासूबाईंनी पिशवीतून रिपोर्ट काढला आणि माझ्या टेबलावर आपटला. मुलाच्या वीर्यतपासणीचा. चक्क लॅमिनेट केलेला.

"बघा मॅडम, नॉर्मल हाय. आमच्या पोरात काय बी नाय. हिलाच टिकत नाय."

'ही' म्हणजे वैशाली. शेजारी मान खाली घालून बसलेली. तिसऱ्यांदा गर्भ पडल्यावर हे लोक घोटीकडून माझ्या नाशिकच्या दवाखान्यात आले होते. घरी भातशेती, नवरा संदीप सातपूरला एका कारखान्यात भट्टीवर. वैशालीच्या सगळ्या तपासण्या मी केल्या होत्या. थायरॉईड, शुगर, गर्भपिशवी, सगळं ठीक. तरी सासूबाई तिच्यासमोरच सोडचिठ्ठीचं बोलत होत्या. मला असा राग आला म्हणून सांगू.

तो गिळून संदीपला म्हटलं, "तुमची अजून एक टेस्ट करू. डीएनए फ्रॅगमेंटेशन."

"पण नॉर्मल आलंय की, मॅडम."

आता या 'नॉर्मल'ची गंमत अशी, की नेहमीच्या तपासणीत शुक्राणू किती, पळतात कसे, दिसतात कसे एवढंच कळतं. आतला डीएनए तुटलाय का, ते कळत नाही. तो फार तुटका असेल तर दिवस राहतात, पण गर्भ पुढं वाढत नाही, असं होऊ शकतं.

एवढं सांगितलं तरी तिघांचे चेहरे कोरे. मग मी सासूबाईंनाच विचारलं, "भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात का टाकता?"

"पोचट असंल ते वर तरंगतं. नुसतं बघून कुठं कळतंय?"

बोलल्या आणि त्यांची नजर टेबलावरच्या रिपोर्टकडे गेली. संदीप ओशाळून म्हणाला, "करू टेस्ट."

रिपोर्टमध्ये तुटकेपणा बराच निघाला. भट्टीची धग आणि गालात कायम तंबाखू, संशयाला एवढं पुरेसं होतं.

"म्हणजे माझ्यामुळं नव्हतं?" वैशालीनं विचारलं.

"नक्की कशामुळं, ते छातीठोक नाही सांगता येत. पण तुमच्यात मला काही सापडलेलं नाही."

ती रडायला लागली. संदीप आईकडे वळला. "आई, इथून पुढं हिला बोलायचं नाय. बोलायचं तर मला बोल."

त्या क्षणी मला तो पोरगा फार आवडला.

तंबाखू रडतखडत सुटली. सुपरवायझरच्या मागे लागून त्यानं पॅकिंगला बदली घेतली. नवे शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात, म्हणून तेवढं थांबलो. पुढची टेस्ट बरी आली. मग दिवस राहिले, आणि या वेळी टिकले. मुलगी झाली. उपायाचं यश की नशिबाचं, हे मी आजही सांगू शकत नाही. पण वारंवार गर्भपात झालेली बाई आली, की आता नवऱ्यालाही पहिल्याच दिवशी तपासणीला बसवते.

बाळाला दाखवायला आले तेव्हा दवाखान्यातली लाइट गेली होती. सासूबाईंनी पिशवीतून तोच लॅमिनेट केलेला रिपोर्ट काढला आणि नातीला वारा घालू लागल्या.

"जाड हाय," म्हणाल्या. "वारा चांगला लागतो."