शेवटचा शब्द काकाजींचा

आमच्या शेजारचे काकाजी कुणालाच वाक्य पुरं करू देत नाहीत. शेवटचा शब्द तेच घालतात, आणि तो हमखास चुकीचा असतो. "आज नवेगावले चाललो..." एवढं म्हटलं की हे "मासोळ्या आनाले!" म्हणून मोकळे. मी चाललेलो असतो दात काढायला. हल्ली ते दिसले की मी रस्ता बदलतो.

पुतणीच्या साक्षगंधाच्या बोलणीला ते न बोलावता येऊन बसले. पोराच्या वडिलांच्या मनात मोटारसायकल आहे, हे आधीच कानावर आलं होतं. माझ्या भावाचं तोंड सकाळपासून उतरलेलं. पोराच्या वडिलांनी पोहे-चहा संपवला, घसा खाकरला.

"आमाले तसं काई नाई पायजे. फक्त पोराले एक..."

"नारळ!" काकाजी ओरडले. "वा! असा मानूस पाहाले भेटत नाई!"

सगळ्या बैठकीने वाहवा केली. एका म्हाताऱ्याने तर पाहुण्यांचे हातच धरले. पाहुण्यांचं तोंड उघडंच राहिलं, आणि मोटारसायकल आतच राहिली.

निघताना मी काकाजींना फाटकाशी गाठलं. "काकाजी, तुमी हे जानूनबुजून..."

"पोहे टाकले म्हनतं? नाई रे बाबू, तिखट होते ना!"