खळ दिलेला फिल्टर

जावईबापूंनी सासूबाईंच्या ऑक्सिजनच्या मशीनच्या फिल्टरला खळ दिली. आता वाचताना हे जितकं अघोरी वाटतं, तितकं करताना त्यांना वाटलं नव्हतं. जावईबापूंची लाँड्री. मरगळलेली कुठलीही वस्तू हातात आली की ती धुऊन, ताठ करून परत करायची, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांना ठाऊक. मशीन खोलीतली हवा ओढून तिच्यातला ऑक्सिजन वेगळा काढतं आणि नळीतून नाकाशी पोचवतं. ती हवा आत शिरते दोन काळ्या स्पंजच्या तुकड्यांतून. ते दर रविवारी धुवायचे. हे काम बायकोचं, पण ती ड्यूटीवर परगावी गेलेली.

"त्यात काय, धुणं ते धुणं!" म्हणून जावईबापूंनी तुकडे दुकानात नेले. धुतल्यावर ते फारच लुळे वाटले. जरा जीव यावा म्हणून शर्टांसोबत खळीत बुचकळले, उन्हात वाळवले आणि पुठ्ठ्यासारखे कडक झालेले तुकडे मोठ्या अभिमानाने घरी आणून मशीनला बसवले.

थोड्याच वेळात लाल दिवा लागला आणि मशीन पींपीं ओरडू लागलं.

सासूबाईंना सगळं गाव 'बाई' म्हणतं. जन्मभर पोहण्याच्या तलावावर शिकवणी. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, आणि आवाज असा की खोल पाण्यातला पोरगाही मुकाट काठाला लागावा. अर्ध्या गावाला त्यांनी दम धरायला शिकवलं. घरचा जावई तेवढा पायरीवर बसून पाय ओले करण्यापलीकडे गेला नाही. पुढे फुप्फुसंच आखडली. आता बाई मशीन पर्ससारखं खांद्याला अडकवून तलावावर जातात आणि बाकावर बसून नव्या पोरांच्या चुका काढतात. हाक आखूड झाली, धार तीच.

जावईबापूंनी मशीनचा प्लग काढला, लावला, मग मशीनच्या पाठीवरून हात फिरवू लागले.

"अहो, थोपटताय काय? ते बाळ आहे?" बाई म्हणाल्या, पण मध्ये दोनदा थांबून. "सिलिंडर... लावा."

कोपऱ्यातल्या लहान सिलिंडरपर्यंत जावईबापूंनी नळी ओढली. जोडली. मग आत किती ऑक्सिजन उरलाय ते दाखवणाऱ्या काट्याकडे लक्ष गेलं. काटा लाल पट्टीच्या जरासाच वर. भरून आणायचं सोमवारवर ढकललेलं.

त्यांनी सर्व्हिसवाल्याला फोन लावून लाल दिवा, सिलिंडर, काटा सगळं सांगितलं.

"फिल्टर काढून बघा. कसे आहेत?"

"एकदम कडक. खळ दिलीय ना."

"काय दिलीय?"

"खळ. शर्टाला देतो ती."

"काका, हवेला आत यायला वाटच नाही ठेवली तुम्ही! साध्या पाण्यात खळबळून सगळी खळ काढा. आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. ओल आत गेली तर मशीनच बाद. इस्त्री नको, ड्रायर नको. मी नवे घेऊन निघतो, पण शहराच्या या टोकाला आहे. काटा लाल पट्टीत शिरला तर माझी वाट बघू नका, अँब्युलन्स बोलवा."

इस्त्री नको! ज्याचं पोट इस्त्रीवर, त्यालाच हे ऐकायची वेळ. जावईबापूंनी पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत तुकडे धुतले. मग लोकरी कपड्यांना करतात तसं कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर चक्क उभे राहिले. मग दुसरा टॉवेल, मग तिसरा. मग पंख्याखाली दोन्ही तुकडे हातात धरून हलवत बसले. एक डोळा स्पंजवर, दुसरा काट्यावर. काटा कधी हलतो ते दिसत नव्हतं. बघावं तेव्हा खाली आलेला असायचा.

"बाई, वाळले!"

बाईंनी एक तुकडा गालाला लावला. "नाही."

पुन्हा पंखा. काटा लाल पट्टीला टेकला. बाई ओठांचा चंबू करून, फुंकर घातल्यासारखा सावकाश श्वास सोडत होत्या. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा आकडा जावईबापूंना बघवत नव्हता.

"आता चालतील हो! किंचित दमट आहेत, एवढंच."

बाईंनी दोन्ही तुकडे गालाला लावले. "मध्यभागी... ओल आहे. नाही."

"अहो, काटा बघा!"

"बघितला. फोन लावा... आणि पंखा वाढवा."

एका हाताने अँब्युलन्स बोलावत, पत्ता दोनदा चुकीचा सांगत, जावईबापू दुसऱ्या हाताने स्पंज हलवत राहिले. फोन ठेवला. काटा लाल पट्टीत होता. त्यांनी तुकडे बाईंच्या गालाशी धरले. बाईंनी डोळे मिटले, तुकडे दाबले, चिमटीत पिळून बघितले.

"हं. बसवा."

बसवले. बटण दाबलं. मशीन घुरघुरलं, विचार केल्यासारखं थांबलं, आणि हिरवा दिवा लागला. बाईंनी नळी सिलिंडरवरून काढून मशीनला जोडली. प्रत्येक श्वासाला फुस्, फुस् असा बारीक आवाज येऊ लागला. आकडा एकेक पायरी वर चढू लागला.

जावईबापू भिंतीला टेकून खालीच बसले. शर्ट घामाने चिंब.

"बाई, शपथेवर सांगतो, आजपासून या मशीनला मी बोटसुद्धा लावणार नाही."

बाईंनी नळी कानामागे नीट बसवली.

"पुढच्या रविवारीही तुम्हीच धुवायचे."