राहुकाळातली शस्त्रक्रिया

निर्मलामावशी गेल्याचं तिच्या नणंदेनं, सुशीलाताईंनी, फोनवर कळवलं. 'गेली,' म्हणाल्या, आणि रडू आवरायच्या आत, 'सांगत होते मी, राहुकाळात आत जाऊ नकोस.'

मावशी हैदराबादला, आबिड्समधल्या एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाली होती. घरात मुहूर्त पाहू द्यायची नाही. मुलीचं, माधवीचं, नोंदणी लग्न तिनं मुद्दाम अमावास्येला लावलं. कुणी एका अनुभवावरून नियम सांगू लागलं की खडू रोखून विचारायची, 'आणि बाकीचे?'

हृदयाची झडप बदलायचं ठरलं तेव्हा रुग्णालयानं गुरुवारी सकाळची किंवा दुपारची वेळ देऊ केली. मावशीनं वाचलं होतं की शरीराच्या घड्याळामुळे हृदय असा आघात दुपारी अधिक चांगला सोसतं. संशोधकांत यावर एकमत नाही, हेही तिला ठाऊक होतं. तरी तिनं दुपार मागितली. सर्जन हसले. 'टीचरम्मा, मेरे हाथां सुबू बी वहीच, दोपहर कू बी वहीच.' सुशीलाताई मात्र हसल्या नाहीत. गुरुवारी दीड ते तीन राहुकाळ.

'वन्सं, तुमच्या राहूची आणि माझ्या झडपेची ओळख नाही,' मावशी म्हणाली. 'बरी होऊन आले की घालून देते.'

माधवीला हसू फुटलं. हसतच तिनं संमतिपत्रावर सही केली. दोन वाजता मावशीला आत नेलं. संध्याकाळी रक्तस्राव थांबेना...

महाधमनी ठिसूळ झाली होती, सकाळीही हेच झालं असतं, असं सर्जननी माधवीला समोर बसवून सांगितलं. ते कुणी ऐकून घेतलं नाही. भेटायला आलेल्या प्रत्येकानं वेळ विचारली. मावशीच्या जुन्या विद्यार्थ्यांनीसुद्धा. सुशीलाताईंनी ती हकिगत इतक्यांदा सांगितली की तेराव्यापर्यंत तिच्यात मावशी डोळे उघडून 'वन्सं, चुकलं माझं' म्हणू लागली. प्रत्यक्षात ती शुद्धीवर आलीच नव्हती.

गेल्या आठवड्यात मलकपेठेतल्या घरी गेलो. मावशी शिकवण्या घ्यायची त्या खोलीतल्या फळ्यावर माधवीनं सातही वारांचे राहुकाळ लिहून ठेवले आहेत.

'तुला पटतं हे?' मी विचारलं.

'नाही रे दादा. पण आता कुठं सही करायची म्हटलं की हात थांबतो.'

फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात अजून मावशीचं अक्षर आहे. धडा अर्धा राहिला की दुसऱ्या दिवसासाठी ती तिथं लिहून ठेवायची: पुसू नये.