मागची पडवी

“मला घाई नाही,” असं म्हणून ती जमिनीवर बसायची. कॅमेरा मांडीवर आणि त्याच्यावर ओढणी. समोरची बाई भाकरी थापत असो, शेण गोळा करत असो, नाहीतर नुसती जांभया देत असो, ही आपली बसलेली. तुम्ही कॅमेरावाली माणसं पाहिली असतील ती कॅमेरा डोळ्याला लावलेली. ही तो झाकून ठेवायची.

मी तेव्हा बोरीत नर्स होते. उपकेंद्राला लागून एक खोली रिकामी होती, ती तिला द्यावी असा तालुक्याहून निरोप आला. पुण्याची बाई, मानववंशशास्त्र शिकलेली, बायकांच्या कामावर फिल्म काढणार. विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते, परभणीकडच्या गाड्या कधी चालू तर कधी बंद. ती दोन दिवस उशिरा आली आणि उशिराबद्दल अवाक्षर बोलली नाही. मी तिच्यासाठी कागद तयार ठेवला होता: कोणत्या घरी किती वाजता जावं, कुठलं कुत्रं चावतं, कोणाकडे पाणी उकळून मागावं. तिनं तो घडी घालून कोनाड्यात ठेवला. तीन महिने तो तिथंच होता. खोली झाडायच्या निमित्तानं मी रोज पाहत होते.

“गावांबद्दल लिहिणाऱ्यांनी आजवर ओट्यावरच्या पुरुषांना विचारलं,” ती एकदा म्हणाली. “मागच्या दारी कोण गेलं?”

“मी जाते की. रोज दहा घरं.”

“मग सांगा ना. काय बोलतात बायका?”

मी वजनं सांगितली, लसी सांगितल्या, कोणाला कितवा महिना ते सांगितलं. ती शांतपणे ऐकत राहिली. पुढे सांगायला माझ्याकडे काही उरलं नाही, तेव्हा मला तिचा पहिल्यांदा राग आला.

माझं रजिस्टर जिल्ह्यात चांगलं समजलं जायचं. सरळ रेघा, खाडाखोड नाही. घरोघर जायचं, ओट्यावर बसायचं, मागच्या महिन्याची पाळीची तारीख मोठ्यानं वाचायची, या महिन्याची विचारून लिहायची. तरीही बोरीत मी काढलेल्या बाळंतपणाच्या तारखा चुकायच्या. आधी पालमला होते, तिथं फारशा चुकल्या नव्हत्या. आमचे डॉक्टर म्हणायचे, “सिस्टर, तुमच्या गावची पोरं कॅलेंडर बघत नाहीत.” शेऱ्याच्या रकान्यात मी लिहून टाकलं होतं: बायकांना तारखा लक्षात राहत नाहीत.

तिला मात्र बायका सगळं सांगत. अकरा वर्षांत मला कुणी पाटावर बसवून जेवू घातलं नव्हतं. मी गेले की खुर्ची यायची. ती गेली की चुलीजवळ जागा व्हायची. एका म्हातारीला मी विचारलंच, “त्या फिल्मवाल्या बाईचं एवढं काय कौतुक?”

“तुमी येता तवा लेकरू तोलता,” म्हातारी म्हणाली. “ती येती तवा जेवती.”

गावात एक मोठं शेतकरी घर होतं. तीन सुना, आणि सासूबाईंचा दरारा असा की जावईसुद्धा चपला हातात घेऊन आत जायचे. कापूस वेचणीला सुना मजुरांच्या बरोबरीनं रानात. पाळी येऊन बाजूला बसलेल्या सुनेनं मात्र चार दिवस ना चुलीला हात लावायचा, ना पाण्याला, ना कापसाला. ती मागच्या पडवीत पोत्यावर बसून राहायची. मला त्या पडवीची कीव यायची. बैठकीत मी त्याविरुद्ध बोललेही होते.

एकदा वेचणीच्या ऐन भरात मी गोळ्या द्यायला मागच्या दारानं गेले. पडवीत थोरली आणि मधली, दोघी सुना होत्या आणि त्यांच्यामध्ये ही फिल्मवाली. तिघी पोट धरून हसत होत्या. मला पाहिलं आणि हसणं थांबलं. मधलीनं पदर डोक्यावर घेतला. “या बाई,” म्हणाली, आणि इकडे-तिकडे पाहिलं. खुर्ची शोधत होती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, “काय चाललं होतं?”

“ते त्यांचं आहे. मी कसं सांगू?”

“मी इथं अकरा वर्षं आहे.”

“हो,” ती म्हणाली आणि कॅमेऱ्याची काच पुसत राहिली.

पुढच्या वेचणीच्या सुमारास ती तयार फिल्म घेऊन आली. ‘आधी ज्यांची आहे त्यांनी बघायची,’ असं तिनं पत्रात लिहिलं होतं. व्यवस्था माझ्याकडे होती. शाळेच्या खोलीला दुपारी खिडक्यांवर पोती लावली, भिंतीवर धोतर ताणलं, बायकांना बोलावलं. त्या सासूबाईंना मी स्वतः घरी जाऊन निमंत्रण दिलं आणि पहिल्या रांगेत बसवलं. पडवीत काय शिजलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. पण जे असेल ते त्यांच्यासमोर निघावं, सुनांनी हिच्याकडे पाठ फिरवावी, असं मला वाटत होतं. हे लिहायला बरं वाटत नाही. पण झालेलं गाळायची मला सवय नाही.

भिंतीवर कापूस आला, बोटं आली, बोंडांनी फाटलेली नखं आली. सासूबाई स्वतःला पाहून खूश झाल्या. मग मागची पडवी आली. मी मागे वळून पाहिलं. मधली सून शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून, पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती.

पडवी रिकामी होती. अंथरलेलं पोतं, एक उपडा तांब्या, उन्हाची तिरीप. बस.

“रिकामी पडवी काहून काढली गं बाई?” सासूबाईंनी विचारलं.

“ऊन छान पडलं होतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बॅग घेऊन फाट्यावर गेली. मी निरोप द्यायला गेले नाही. रजिस्टर उघडून बसले होते, तेवढ्यात मधली सून दारात आली. खुर्ची दाखवली तर बसेना.

“माजी तारीख खोटी हाय, बाई,” ती म्हणाली. “दोन महिने झाले, पोटात हाय. तरी बाजूला बसते.”

“काहून?”

“मागची दोन कापसातच गेली. आमच्यात पोटुशीला सुट्टी न्हाई, बाजूला बसलेलीला हाय. थकलं की सगळ्याच जणी तसं करत्यात. कवाचं चाललंय.”

बारा वर्षांच्या तारखा माझ्यासमोर पडल्या होत्या.

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी लिहिता. अन् वट्यावर बसून मोठ्यानं वाचता. सासूबाई तिथंच असत्यात.” मग म्हणाली, “आता बी न्हाई सांगितलं असतं. ती म्हणली, दवापाणी नर्सबाईच करतील, त्यांनाच सांगा.”

म्हणजे मला मिळालं तेही तिच्या हातून. मी पेनला टोपण लावलं आणि सुनेशेजारी फरशीवर बसले. तिनं खरी तारीख सांगितली. मी ती कुठंही लिहिली नाही. पुढच्या फेरीला ओट्यावर सासूबाईंसमोर खोटी तारीख वाचली, नेहमीच्याच आवाजात. खऱ्या तारखेवरून मी मनात काढलेल्या दिवसाच्या चार दिवस आधी लेकरू आलं.

त्या सकाळी सून गेल्यावर मी फाट्याकडे निघाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. एरवी मी साधा बाजारहाटही कागदाशिवाय करत नाही.

फाट्यावर कापसाच्या दोन मजुरणी तेवढ्या बसल्या होत्या.

“गेली?” मी विचारलं.

“आत्ताच. पयली गाडी सोडली तिनं. तुमी येताल म्हणली.” एका मजुरणीनं सरकून मला जागा केली. “आमी म्हणलं, बाई, दुसरी लागन का न्हाई, भरवसा न्हाई. तर म्हणली, मला घाई न्हाई.”

रस्त्यावर धूळ अजून खाली बसायची होती. मी तिथंच बसले.